भारनियमन : अंधाराच्या वाटणीचा इतिहास



इतिहास म्हटला की राजवंश, लढाया आणि तहनामे डोळ्यांसमोर यावेत, अशी आपली सवय आहे. परंतु सामान्य माणसाच्या दिनक्रमालाही इतिहास असतो. तो लिहून ठेवण्याची तसदी कोणी घेत नाही, म्हणून तो लवकर विसरला जातो. ज्या पिढीने शालान्त परीक्षेचा अभ्यास कंदिलाच्या उजेडात आणि वर्तमानपत्रातील वीजकपातीच्या वेळापत्रकाकडे डोळे लावून केला, ती पिढी आज या सभागृहात मोठ्या संख्येने बसलेली आहे. तिच्या नातवंडांना मात्र ‘आज आपल्या भागात किती ते किती?’ हा प्रश्न फारसा ठाऊक नाही. म्हणूनच आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी नियोजित वीजबंदीचा विषय मी निवडला आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. आपण बेळगावकर ‘करंट गेला’ म्हणतो. पुण्याकडची मंडळी ‘लाइट गेले’ म्हणतात. जणू काही पाहुणा आपल्या मर्जीने उठून गेला! वस्तुतः अनेकदा वीज जात नाही, ती घालवलेली असते. कोणत्या तरी उपकेंद्रात, ठरलेल्या वेळी, वरून आलेल्या आदेशानुसार एक माणूस स्विच बंद करतो. ‘भारनियमन’ हा सरकारी शब्द कितीही रुक्ष वाटला, तरी या बाबतीत तो अधिक प्रामाणिक आहे. नियमन म्हटले की नियम करणारा कोणी तरी आहे, हे ओघानेच आले. मग तो नियम कोणता आणि त्याचा भार कोणाच्या वाट्याला आला, हे विचारण्याचा अधिकारही ओघानेच आला.

नियोजित वीजबंदीचे तीन प्रकार आपण वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला देखभालीचा. तारा बदलणे, रोहित्राची दुरुस्ती, फांद्या तोडणे अशा कामांसाठी एखादी वाहिनी काही तास बंद ठेवली जाते. दुसरा तुटवड्याचा. मागणीइतकी वीज उपलब्ध नसली म्हणजे भागाभागांना पाळीपाळीने अंधारात ठेवतात, तेच भारनियमन. तिसरा संकटकाळचा. पूर किंवा चक्रीवादळ आले असता जीवितहानी टाळण्यासाठी पुरवठा हेतुपुरस्सर तोडतात. 1965 आणि 1971 च्या युद्धांतील ‘ब्लॅकआउट’ मात्र यांत मोडत नाही. त्या वेळी खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले. उजेड लपवायचा होता, तारेतील वीज तोडायची नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वीज तोडावी का लागते? धान्य कोठारात साठते, पाणी धरणात साठते. वीज मात्र, पाणी पुन्हा वर चढवून साठवणारी केंद्रे आणि अलीकडच्या मोठ्या बॅटऱ्या यांचा अपवाद वगळता, ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी वापरली जावी लागते. मोट ओढणाऱ्या बैलांचे उदाहरण घ्या. मोटेचे ओझे एकाएकी वाढले, तर बैलांची चाल मंदावते. वीजकेंद्रातील यंत्रांचेही तसेच होते. आपल्या देशात प्रवाहाची वारंवारता सेकंदाला 50 आवर्तने ठरलेली आहे. निर्मितीपेक्षा मागणी वाढली की यंत्रांची गती मंदावून ही संख्या घसरू लागते. घसरण फार झाली, तर वाफेवर चालणाऱ्या चक्रांच्या पात्यांना इजा होण्याचा धोका असतो, म्हणून यंत्रे स्वतःच्या रक्षणासाठी आपोआप बंद पडतात. एक केंद्र बंद पडले की उरलेल्यांवरील ओझे वाढते, मग दुसरे पडते, तिसरे पडते. ही माळ तुटू नये म्हणून काही भागांचे ओझे वेळीच उतरवावे लागते. थोड्यांना थोडा वेळ अंधारात ठेवून सर्वांचा अंधार टाळणे, हे भारनियमनाचे मूळ प्रयोजन होय.

हे प्रयोजन आपल्या प्रदेशात फार लवकर अनुभवास आले, कारण येथील वीज पाण्यातून जन्मली. म्हैसूर संस्थानात कावेरीवरील शिवनसमुद्र येथे 1902 साली वीजनिर्मिती सुरू झाली आणि तेथील वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली. 1905 मध्ये बेंगळूरचे रस्ते तिने उजळले. सह्याद्रीत टाटांचे खोपोलीचे केंद्र 1915 मध्ये सुरू झाले आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. 1948 मध्ये जोगच्या धबधब्यावरील केंद्र आले. पुढे 1964 मध्ये शरावतीवर लिंगनमक्कीचे धरण उभे राहिले. त्याच दशकात महाराष्ट्रात कोयनेची वीज वाहू लागली.

या यशात एक दुबळेपणाही होता. कर्नाटकाची वीज पुष्कळ काळ बव्हंशी पाण्यावरच अवलंबून राहिली. रायचूरच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच 1985 मध्ये सुरू झाला. त्यामुळे मलनाडात पावसाने ओढ दिली की त्याची किंमत शेकडो मैलांवरच्या गावांना उन्हाळ्यात चुकवावी लागे. कॅलेंडरातील आषाढ कोरडा गेला, तर फाल्गुन-चैत्रात दिवे मालवणार, हे येथील माणसाला वेगळे सांगावे लागत नसे. दुर्दैव असे की परीक्षांचा हंगामही तोच. एकाच केंद्रावर विसंबण्याची जोखीम 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने दाखवून दिली. त्या भूकंपात दीडशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. कोयनेची वीजनिर्मिती थांबली आणि तिची झळ दूर मुंबईच्या कारखान्यांपर्यंत पोचली.

येथपर्यंतचा इतिहास निसर्गाच्या आणि यंत्राच्या मर्यादांचा झाला. परंतु अंधार जेव्हा वर्षानुवर्षे वाटावा लागतो, तेव्हा प्रश्न यंत्राचा राहत नाही, न्यायाचा होतो. याचे ठळक उदाहरण म्हणजे 2005 नंतरचा महाराष्ट्र. दाभोळच्या प्रकल्पातील निर्मिती 2001 मध्ये बंद पडली होती. मागणी झपाट्याने वाढत होती आणि नव्या निर्मितीची भर त्या वेगाने पडत नव्हती. तूट हजारो मेगावॉटवर गेली. ग्रामीण भागात दिवसाचे बारा-बारा तास अंधाराचे झाले, तर मुंबई शहर मात्र भारनियमनातून बव्हंशी मुक्त राहिले. राज्याच्या विद्युत नियामक आयोगाने पुढे कपातीचे सूत्र ठरवून दिले : ज्या भागात वीजगळती अधिक आणि वसुली कमी, तेथे कपात अधिक. सूत्र हिशेबाला धरून होते. परंतु ज्या वाहिनीवर शेजारी आकडे टाकतात, त्याच वाहिनीवरील प्रामाणिक ग्राहक वेळेवर बिल भरूनही अंधारात बसे, हेही तितकेच खरे.

याच काळात 2006 मध्ये पुण्याने वेगळी वाट काढली. टंचाईच्या तासांत शहरातील कारखान्यांनी आपापले जनरेटर चालवावेत, त्यामुळे वाचलेली वीज नागरिकांना मिळावी आणि त्या महाग विजेचा जादा खर्च ग्राहकांनी थोडा अधिक आकार देऊन सोसावा, अशी ती योजना होती. पुणे भारनियमनातून सुटले. मात्र ज्याला जादा पैसे देणे शक्य आहे त्याचाच अंधार टळतो, ही टीकाही त्या प्रयोगाच्या वाट्याला आली. खेड्यांमध्ये दुसरा मार्ग चोखाळला गेला. ‘अक्षय प्रकाश’ योजनेत गावकऱ्यांनी संध्याकाळच्या वेळी शेतीपंप आपण होऊन बंद ठेवायचे आणि त्या बदल्यात घरातील दिवे चालू राहायचे, असा करार होता. हे भारनियमनच होते, पण गावाने आपल्या संमतीने स्वीकारलेले.

आपल्यासारखीच जुनी मराठी वस्ती असलेल्या बडोद्याच्या बाजूला याहून मूलगामी प्रयत्न झाला. गुजरातने 2003 पासून ‘ज्योतिग्राम’ योजनेखाली शेतीच्या आणि गावठाणाच्या वीजवाहिन्या वेगळ्या केल्या. गावाला अखंड वीज आणि शेतीला दिवसातून सुमारे आठ तास, पण ठरलेल्या वेळी, अशी तिची मांडणी होती. शेतकऱ्याचे तास कमी झाले, हे नाकारता येत नाही. परंतु वीज केव्हा येईल याची वाट पाहत रात्रभर विहिरीवर बसण्यापेक्षा तिची वेळ ठाऊक असणे त्याला हितकर ठरले. पुढे कर्नाटकासह अनेक राज्यांनी वाहिन्या वेगळ्या करण्याचा हा मार्ग अवलंबिला.

या सर्व प्रयोगांतून मला एकच गोष्ट निष्पन्न झालेली दिसते. वीजबंदीचे तास किती, याला महत्त्व आहेच. परंतु ती आगाऊ सांगितली आहे की नाही आणि सांगितल्याप्रमाणे पाळली जाते की नाही, याला त्याहून अधिक महत्त्व आहे. उद्यमबागेतील ओतकामाच्या कारखानदाराला विचारा. सकाळी दहाला वीज जाणार हे आदल्या दिवशी कळले, तर तो भट्टी रिकामी करून ठेवतो. न सांगता गेली, तर वितळलेला धातू भट्टीतच थिजतो आणि एका तासाच्या अंधाराची किंमत पुढे कित्येक दिवस मोजावी लागते. वडगाव-शहापुरातील विणकर हेच सांगेल. सांगून गेलेली वीज ही गैरसोय असते. न सांगता गेलेली वीज ही हानी असते.

नियोजन मोडले की काय होते, याचा सर्वांत मोठा धडा 2012 च्या जुलैत मिळाला. त्याची सुरुवात आपल्या परिचयाच्या ग्वाल्हेरजवळ झाली. बीनाहून ग्वाल्हेरमार्गे आग्र्याकडे जाणारा वाहिन्यांचा जोड पश्चिम आणि उत्तर विभागांना जोडत होता. त्यांतील एक वाहिनी क्षमता वाढवण्याच्या कामासाठी नियोजनपूर्वक बंद ठेवण्यात आली होती. काम योग्यच होते. परंतु अशा वेळी उरलेल्या वाहिनीवरचे ओझे काटेकोरपणे आवरणे आवश्यक होते आणि तेथेच घात झाला. उत्तरेकडील राज्ये ठरवून दिल्यापेक्षा अधिक वीज खेचत राहिली. मागणी कमी करण्याच्या, म्हणजेच आपापल्या भागांत वेळीच भारनियमन करण्याच्या सूचना पुरेशा पाळल्या गेल्या नाहीत. 30 जुलैच्या पहाटे 2 वाजून 33 मिनिटांनी बीना-ग्वाल्हेर वाहिनी ओझ्याने तुटली आणि उत्तर भारताचे संपूर्ण जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी एकापाठोपाठ कोसळली. साठ कोटींहून अधिक लोकसंख्येचा प्रदेश अंधारात गेला. शेकडो रेल्वेगाड्या अडकल्या, दिल्लीची मेट्रो थांबली, बंगालमधील कोळशाच्या खाणींत सुमारे दोनशे मजूर काही तास भूगर्भात अडकून पडले; सुदैवाने ते सुखरूप बाहेर आले.

पश्चिम विभाग त्या वेळी वेगळा होऊन तगला. आपला दक्षिण विभाग तर तेव्हा या जाळ्याशी एका तालात जोडलेलाच नव्हता, म्हणून आपल्याला झळ बसली नाही. तो जोड 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने झाला. तेव्हापासून आपण सारे एकाच जाळ्यात आहोत. एका प्रांताला दुसऱ्याची वीज मिळते, हा त्याचा लाभ. एकाने शिस्त मोडली तर दुसऱ्याच्या घरात अंधार होऊ शकतो, ही त्याची जबाबदारी. ज्या राज्यांनी आपल्या नागरिकांना थोडा वेळ अंधारात ठेवण्याचे टाळले, त्यांनी सर्वांचा अंधार ओढवून घेतला, हा 2012 चा बोध आहे.

मंडळी, आतापर्यंत आपण राज्यांविषयी बोललो. आता बंद वाहिनीच्या खांबावर चढलेल्या एका माणसाविषयी बोलू. देखभालीसाठी वीज बंद होते, तेव्हा तारमार्गाचा कर्मचारी, आपला लाइनमन, आधी उपकेंद्राकडून ‘लाइन क्लिअर’ घेतो. ही वाहिनी बंद केली आहे आणि तू सांगेपर्यंत चालू होणार नाही, असा तो लेखी शब्द असतो. त्यानंतर तार खरोखर निर्जीव आहे याची तो खात्री करतो आणि ती जमिनीशी जोडून मगच हात लावतो. या पायऱ्यांतील एक जरी गाळली, तरी दुसरी संधी मिळत नाही.

आणि त्याने सर्व पायऱ्या पाळल्या तरी एक धोका आपल्या घरांतून त्याच्याकडे जातो. काही घरांत व दुकानांत लहान जनरेटर थेट घरातील वायरिंगला जोडलेला असतो. मुख्य स्विच खाली न पाडता तो सुरू केला, तर ती वीज मीटरातून उलटी बाहेर रस्त्यावरच्या तारेत जाते. रोहित्र 11,000 व्होल्टचे 230 करते, हे आपण शाळेत शिकलो. तेच रोहित्र उलट्या दिशेने 230 चे 11,000 करते, हे मात्र आपण विसरतो. बंद म्हणून घोषित झालेली तार अशा रीतीने एखाद्याच्या टीव्हीसाठी जिवंत होते आणि तिच्यावर हात ठेवलेला माणूस मरतो. म्हणून जनरेटर असो वा इन्व्हर्टर, बाहेरचा पुरवठा पूर्णपणे तोडून मगच घरची वीज जोडणारा बदल-स्विच परवानाधारक तंत्रज्ञाकडून बसवून घेणे, ही केवळ स्वतःच्या सुरक्षिततेची बाब नाही. दुसऱ्याच्या जिवाची आहे.

आपल्या देशात विजेच्या धक्क्याने अलीकडच्या काळात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे दगावतात. करंट गेला म्हणजे तार मेली, ही समजूत त्यांतील काहींच्या मुळाशी असते. पंपाची वीज गेली म्हणून शेतकरी स्वतःच रोहित्रावरील फ्यूज बदलायला जातो आणि तेवढ्यात पुरवठा परत येतो. कधी तीनपैकी एकच फेज गेलेली असते. घरात अंधार असतो, पण शेजारच्या दोन तारा जिवंत असतात. तेव्हा नियम असा, की अंधार असला तरी प्रत्येक तार जिवंत समजावी. वेळापत्रकात पाच वाजेपर्यंत बंद लिहिले असले, तरी काम लवकर संपल्यास वीज चारलाही येऊ शकते. तुटून पडलेल्या तारेपासून दूर राहून वीज कार्यालयाला कळवावे. काठीने ती बाजूला सारण्याचे धाडस करू नये. पुराच्या वेळी पुरवठा तोडला म्हणून आपण त्रागा करतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभेच्या पुरांनी आपल्या जिल्ह्याची काय अवस्था केली, हे आपण पाहिले आहे. पाण्यात उभ्या असलेल्या खांबातून वाहणारी वीज पुराइतकीच घातक असते. पाणी ओसरल्यावरही भिजलेले वायरिंग तपासून घेतल्यावाचून मुख्य स्विच वर करू नये.

घरातील दक्षता साधी आहे. मेणबत्तीपेक्षा बॅटरीचा दिवा बरा. मेणबत्ती लावायचीच तर पडद्यापासून दूर, थाळीत उभी करून आणि झोपण्यापूर्वी विझवून. जनरेटर बंद खोलीत, जिन्याखाली वा तळघरात कदापि चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस जागा होत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी हवेशीर जागी ठेवावी. वीज जाताच फ्रिज, मोटर, इस्त्री यांची बटणे बंद करावीत आणि एकच दिवा चालू ठेवावा. वीज परतताना दाब वरखाली होतो आणि यंत्रे त्याच वेळी जळतात. इस्त्री चालू राहून गेली, तर रिकाम्या घराला आग लागते. फ्रिजचे दार न उघडता ठेवले, तर अन्न सुमारे चार तास टिकते. ज्यांच्या घरी प्राणवायूचे यंत्र किंवा इन्सुलिनसारखे थंड ठेवायचे औषध आहे, त्यांनी वेळापत्रक कळताच पर्यायी सोय करावी. बंदीची वेळ जवळ आली असता लिफ्ट टाळावी.

पाहा, या सर्व सूचनांचा पाया एकच आहे : वेळ आधी ठाऊक असणे. कायद्यानेही आता हे मान्य केले आहे. 1910 चा वीज कायदा, 1948 चा वीजपुरवठा कायदा आणि 2003 चा वीज कायदा या क्रमाने ग्राहकाचे स्थान हळूहळू वर आले. 2020 च्या ग्राहक हक्क नियमांनी तर नियोजित वीजबंदीची माहिती ग्राहकाला देणे ही वितरण कंपनीची जबाबदारी ठरवली. जो अंधार पूर्वी कृपा किंवा कोप म्हणून सोसावा लागे, त्याची आगाऊ सूचना आता आपला हक्क आहे. हा हक्क आपण वापरला पाहिजे. वेळ जाहीर झाली नाही तर विचारले पाहिजे. जाहीर झालेली वेळ पाळली गेली नाही तर तक्रार नोंदवली पाहिजे. आणि आपल्या बाजूने शब्द पाळताना ओझे कमी करायला सांगितले असता पंप व गिझर बंद ठेवले पाहिजेत, आकडे टाकणाऱ्या शेजाऱ्याकडे काणाडोळा करता कामा नये, जनरेटर योग्य स्विचवाचून लावता कामा नये.

शेवटी शाळेला एक विनंती. या सभागृहातील माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींत वीजकपातीचा मोठा इतिहास विखुरलेला आहे : कोणत्या वर्षी किती तास, अभ्यास कसा केला, माग कसा चालवला, रात्रीच्या पाण्याच्या पाळीला शेतात कोण गेले आणि कोण परत आले नाही. तो आठवी-नववीच्या मुलांकडून लिहवून घ्यावा. त्यांना आपल्या घरातील मुख्य स्विच कोठे आहे, हे त्याच निमित्ताने दाखवावे. उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्रांची मागणी वाढते आहे, पाऊस पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही; नियोजित अंधाराचे दिवस कायमचे संपले, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. ते पुन्हा आले, तर या मुलांना त्याची वेळ विचारता यावी, त्याची वाटणी न्याय्य आहे की नाही हे तपासता यावे आणि खांबावर चढलेल्या अनोळखी माणसाच्या जिवाची जाणीव ठेवून आपला स्विच खाली पाडता यावा. गुरुजनांच्या स्मृतीला याहून उचित अभिवादन मला सुचत नाही.